सुतक किती घरांना?

एका मेलेल्या माणसाला मी तीन सोमवार फोन केला. तोही गोड आवाजात, नावानिशी, उद्या तयार राहा म्हणून.

नातीला हे सांगते तेव्हा ती पांघरूण नाकापर्यंत ओढते आणि मग मलाही जोर चढतो. पण तेव्हा मी भुताखेतांच्या भानगडीत नव्हते, नुसती हुशार होते. पन्नाशीला टेकलेली, चष्मा कपाळावर चढवून हिंडणारी, बेंगळुरूला तीन दिवसांचं शिबिर करून आलेली आणि तेवढ्या भांडवलावर सगळ्या कोल्हापूरला शहाणं करून सोडायला निघालेली बाई. अशा बाईला भूत लागत नाही. अशी बाईच इतरांना लागते.

लागले ते अण्णांना. म्हणजे असं मला वाटायचं.

मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस होतं. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. गिरणी चालू असली की फरशी थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पिठाची साय धरायची. अण्णा खिडकीपाशी बसायचे. आमच्यात सगळ्यांत म्हातारे. डोक्यावर टोपी, खिशात भडंगाची पुडी. कॉम्प्युटरकडे वळण्याआधी काही वर्षं त्यांनी जमिनीच्या मोजणीचं काम केलं होतं. भावाभावांच्या वाटण्या व्हायच्या तेव्हा साखळी धरून बांध ठरवायचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मला ‘अक्का’ म्हणायचे. का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, “थोरली म्हटलं की बाईमाणूस जरा ऐकतंय. बघू म्हटलं, लागू पडतंय का.”

नाही पडलं.

एखादा प्रोग्राम बंद पडला तर बाकी सगळे ‘बंद पडला’ म्हणत. अण्णा म्हणत, “गेला. चार वाजून दहा मिनिटांनी.” आणि टोपी काढून मांडीवर ठेवत. तो पुन्हा सुरू होईपर्यंत टोपी मांडीवरच. नव्या पोरी पहिल्यांदा फिदीफिदी हसायच्या. आठवड्याभरात हसणं थांबायचं. एक तर नंतर नंतर स्वतःही ओढणी सारखी करून बसायला लागली.

शुक्रवारी गिरणीला सुट्टी. एवढी शांतता व्हायची की दुपारी तीनला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज नको नको व्हायचा. तीच अण्णांची वेळ. आमच्या सॉफ्टवेअरची एक तालमीची प्रत होती. खऱ्या दवाखान्याशी तिचा संबंध नाही, नुसती चाचणीसाठी. त्यातला एक तुकडा अण्णा कुणालाही न सांगता बंद करायचे आणि डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. आम्ही श्वास रोखून पडद्याकडे बघायचो. अर्धा मिनिट काही नाही. मग एका कोपऱ्यात एक लाल ओळ यायची, दुसरा कुठला तरी तुकडा अडल्याची. मग दुसरी. अण्णा डोळे न उघडता विचारायचे, “कोण रडलं?”

आम्ही नाव सांगायचो.

“आनि?”

दुसरं नाव.

“जो रडायला पायजे हुता, तो रडला न्हाई न्हवं अजून?”

मग ते एक लांबट वही काढून लिहायचे. त्या वहीला ऑफिसात ‘सुतकाची वही’ म्हणायचे.

हे वाचणाऱ्याला उलगडून सांगायला हवं. मोठा प्रोग्राम एकाच गोळ्यात ठेवला तर अवघड होतो, म्हणून त्याचे तुकडे करतात आणि एकेकाला एकेक काम सोपवतात. त्या तुकड्याला सर्व्हिस म्हणतात. आता तुकडा केवढा करायचा, यावर आमच्या धंद्यात माणसं हमरीतुमरीवर येतात. अण्णांचं माप एकच होतं. गावात कुणी गेलं तर सुतक कुणाला धरायचं हे ठरलेलं असतं. भावकीला दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या लेकीला कमी, शेजाऱ्याला नाही. अण्णा म्हणायचे, “एक मेल्यावर जेवढ्यांनी थांबायला पायजे, तेवढी एका घरात ठेवा. ज्यांनी थांबायचं कारन न्हाई, त्यांस्नी त्या घरात कोंडू नका.”

आणि ते नुसते एकत्र कुटुंबवाले नव्हते बरं का. पूर्वी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये दवाखान्याचं कँटीन आणि पेशंटची भरती एका गोळ्यात होती. एकदा कँटीनची यादी अडकली आणि तासभर एकही पेशंट भरती होईना. अण्णांनी स्वतः ती भिंत घातली. “स्वयंपाक्याच्या सुतकात डाक्टरला कशाला बसवताय?” म्हणाले.

तालमीच्या प्रतीत पेशंट लागतात, खोटे. आम्ही इतर ठिकाणी ‘अबक’, ‘टेस्ट एक’, ‘टेस्ट दोन’ असली नावं टाकायचो. अण्णांच्या यादीत मात्र पूर्ण नावं असायची, वयासकट, आजारासकट. एकदा मी विचारलं, ही कोण माणसं?

“आमच्या मुरगूडची.”

“अहो अण्णा, खऱ्या माणसांची नावं घालतात का?”

“जित्या माणसाच्या नावानं खोटं लिहू नये,” ते म्हणाले. “मेलेली रागवत न्हाईत.”

ती सगळी यादी गेलेल्यांची होती. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं. “ही आमच्या चुलत्याची सून. बाळंतपणात गेली. हितं बघा, तीनदा धडधाकट घरला गेलीया.”

मी त्या दिवशी भडंग खाल्लं नाही.

तर असल्या माणसासमोर मी बेंगळुरूहून आले. मूत्रपिंडाच्या एका दवाखान्याचं काम होतं. खेड्यापाड्यांतले पेशंट आठवड्यातून ठरलेल्या दिवशी रक्त शुद्ध करून घ्यायला येत. दवाखान्याची गाडी त्यांना दारातून आणायची आणि आदल्या संध्याकाळी सहाला फोनवरून आठवण जायची. पेशंटची नोंद, त्याची पाळी, गाडी आणि फोन हे चारही अण्णांनी एका तुकड्यात ठेवलं होतं. मला ते बघून हसूच आलं. केवढा तो गबाळा संसार! मी फळ्यावर अकरा चौकोन काढले. प्रत्येकाला वेगळं घर, वेगळी चूल, प्रत्येकाकडे आपापली यादी. तरुण मंडळी टाळ्या वाजवायची बाकी होती.

अण्णा मागून म्हणाले, “अक्का, पेशंट मेला तर सुतक किती घरांना?”

“कुणालाच नाही, अण्णा. तेच तर कौतुक आहे. एक थांबला तरी दहा चालू.”

“मंग बाकीच्यांस्नी कळंल कसं?”

“निरोप जाईल.”

“चुकला तर?”

“चुकत नाही,” मी म्हणाले. वर असंही म्हणाले, “हे सॉफ्टवेअर आहे, अण्णा. दहाव्याचा घाट नव्हे.”

सगळे हसले. अण्णाही हसले. मग त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्या वेळी काहीही बंद पडलेलं नव्हतं.

आणखी एक कबुली. आठवणीच्या फोनसाठी बाहेरचा आवाज घ्यायचं ठरत होतं. मी म्हटलं, माझा काय वाईट आहे? आठवडाभर ज्येष्ठमध चघळून मी ते ध्वनिमुद्रण केलं. साठ-सत्तर पेशंट होते, प्रत्येकाचं नाव वेगळं म्हटलं. “नमस्कार, गणूआप्पा. उद्या मंगळवार. सकाळी सात वाजता गाडी दारात येईल. तयार राहा. डबा सोबत ठेवा.” आणि शेवटी एक हलकंसं हसू. ते हसू माझी स्वतःची कल्पना. पेशंटला धीर वाटावा म्हणून.

हे गणूआप्पा मुरगूडच्या अलीकडच्या एका गावचे. एका गुरुवारी दुपारी, तब्येत बिघडून भरती असताना, दवाखान्यातच गेले. नोंद झाली. निरोप सुटले. त्याच वेळी दवाखान्यातली वीज दोन मिनिटं गेली आणि एक निरोप वाटेतच विरला. गाडीच्या तुकड्याला कळलं की आप्पा गेले. पाळीच्या तुकड्याला कळलं नाही. फोनवाला तुकडा नावं घ्यायचा पाळीवाल्याकडून. म्हणजे काही घरांत आप्पा मेलेले आणि दोन घरांत जिते.

हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. शुक्रवार, दुपारी तीन. गिरणी बंद, अण्णा डोळे मिटून बसलेले, आम्ही पडद्यावर डोळे लावून. आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

“हॅलो, तुमच्यात ती गोड आवाजाची बाई हाय न्हवं, तिला जरा सांगा की.” एक बाई बोलत होती. “आमच्या मामांजींस्नी बोलवायचं बंद कर म्हनावं. मामांजी जाऊन पंधरा दिस झालं. दहाव्याला कावळा शिवला न्हाई. दुपारपतुर नदीवर बसलो. आमच्या आत्ती म्हनत्यात, बोलावनं चालू हाय तवर मानूस निघंल कसा? दर मंगळवारी पाटं उठून डबा भरत्यात आनि उंबऱ्यात घेऊन बसत्यात. गाडी काय येत न्हाई. आत्तीच आता अंथरुनाला लागत्यात बघा. पोटात घासबी न्हाई, ते निघाल्याबिगर जेवायची न्हाई म्हनत्यात.”

मी विचारलं, “आपण कोण बोलताय?”

आवाज ओळखून ती म्हणाली, “तुमीच की वो त्या.”

मी फोन ठेवला, फोनच्या यादीतून गणूआप्पांचं नाव पुसलं आणि हात झटकले. “झालं,” म्हटलं.

अण्णांनी डोळे उघडले. “किती घरांत सांगितलंसा?”

“फोन ज्या घरातून जातो त्या घरात.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. थोड्या वेळानं म्हणाले, “सोमवारी जाऊन येऊ. माफी मागितली पायजे.”

सोमवारी दुपारच्या एसटीनं आम्ही गेलो. घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, एक बाज होती, वर काही अंथरलेलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, उद्यासाठी घासून ठेवलेला. मोबाइल एका पिशवीत घालून खुंटीला टांगला होता. म्हातारी, म्हणजे फोनवरच्या त्या सुनेची आत्ती, तिची सासू, भिंतीला टेकून बसली होती. सत्तरीची असावी, पण इतक्या दिवसांच्या उपासानं वाळून मुठीएवढी झालेली. सुनेनं चहा दिला. म्हातारीच्या हातात काहीच दिलं नाही. देऊन देऊन थकली असावी.

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, “मावशी, चूक आमची होती. मी नाव काढून टाकलंय. आता फोन येणार नाही.”

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघितलं. सहाला पाच कमी होते.

अण्णा म्हणाले, “सहा वाजस्तवर बसतो आमी.”

बाहेर ऊस उभा होता, वारा नव्हता. कुंभारकाम चालू असल्यासारखा कुठून तरी थपथप आवाज येत होता, तोही थांबला. मी घड्याळाकडे बघत नव्हते, कारण मला खात्री होती. त्या खात्रीची चव अजून माझ्या जिभेवर आहे. पितळेच्या भांड्यातल्या ताकासारखी.

खुंटीवरची पिशवी थरथरली.

सून उठली, तिनं मोबाइल काढून सवयीनं स्पीकरवर टाकला, कारण म्हातारीला कमी ऐकू येत असे. आणि मी तोंड मिटून बसलेली असताना, माझा आवाज त्या सोप्यात बोलला.

“नमस्कार, गणूआप्पा. उद्या मंगळवार. सकाळी सात वाजता गाडी दारात येईल. तयार राहा. डबा सोबत ठेवा.”

आणि ते हसू.

कारण साधं होतं, आता सांगायला सोपं आहे. फोनवाला तुकडा दर रविवारी पाळीवाल्याकडून नवी यादी घ्यायचा. शुक्रवारी मी आप्पांना एका घरात मारलं, रविवारी ते शेजारच्या घरातून परत आले. पण तेव्हा कारण सुचायला डोकं जागेवर नव्हतं. मी फोन बंद करायला हात पुढे केला. म्हातारीनं माझं मनगट धरलं. एवढ्याशा बाईच्या बोटांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. निरोप दोनदा वाजायचा. दुसऱ्यांदाही पूर्ण वाजू दिला तिनं. फोनकडे बघितलं, माझ्या ओठांकडे बघितलं, परत फोनकडे.

“तूच व्हय ती?”

“हो, मावशी.”

“तोंड मिटूनबी बोलतीस की गं.”

मला रडू आलं. तिला माझ्या रडण्याचं काही नव्हतं. बाजेकडे हनुवटी करून ती म्हणाली, “तू बोलावलंस. आता तूच जा म्हन.”

मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, हा शिकलासवरलेला माणूस काहीतरी समजावून सांगेल, मला सोडवेल. अण्णांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मग मी त्या रिकाम्या बाजेकडे वळून कसंबसं म्हटलं, “गणूआप्पा, उद्या गाडी...”

“आसं न्हवं,” म्हातारी म्हणाली. “फोनातल्यावानी म्हन. त्यो आवाज वळखत्यात ते.”

मी घसा साफ केला. ज्येष्ठमधाचा आवाज लावला. “नमस्कार, गणूआप्पा. उद्या मंगळवार. उद्या गाडी येणार नाही. तयार राहू नका. डबा सोबत घेऊ नका.”

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“हास की,” म्हातारी म्हणाली.

आणि मी हसले. हलकंसं, धीर वाटावा असं. आयुष्यात मी खूप खोटं हसले आहे, विशेषतः सासरी, पण तसलं हसू पुन्हा कधी माझ्या तोंडून निघालं नाही. बाजेची दोरी कुरकुरली. मांजर असेल, असं मी स्वतःला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. त्या घरात मांजर नव्हतं.

अण्णांनी अंगणात जाऊन ऑफिसात फोन लावला आणि तिथल्या मुलीला सांगितलं, “पाळीतनंबी काढ. आनि अकराच्या अकरा घरं हिंडून ये, अजून कुठं जिता हाय का बघ.”

परतीच्या एसटीत मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं ना फोन येणार म्हणून?”

“माहीत न्हवतं. तुमी एकाच घरात सांगितलंय म्हनला, तवा म्हटलं, एकटीला सोडू नये.”

पुढच्या महिनाभरात अकराचे चार झाले. कसे, ते मी ठरवलं नाही, सुतकाच्या वहीनं ठरवलं. पेशंट, पाळी, गाडी, फोन पुन्हा एका घरात. औषधांचं कोठार वेगळं, नर्सांच्या ड्यूट्या वेगळ्या, कँटीन तर आधीच वेगळं होतं. माझा आवाज काढून टाकला. आजही घरच्या फोनवर मी ‘नंतर फोन करा’ एवढंसुद्धा ध्वनिमुद्रित केलेलं नाही. मुलगा हसतो. हसू दे.

अण्णा निवृत्त होऊन मुरगूडला गेले. लग्न केलेलं नव्हतं, पुतण्यापाशी राहायचे. जाण्याआधी त्यांनी सगळ्या प्रोग्रामांतून स्वतःचं नाव काढून घेतलं. एकेक घर उघडून मला दाखवायला लावलं. “हितं न्हाई न्हवं मी? हितं?” मग खाली उतरले आणि गिरणीवाल्याला रामराम करून गेले. दोन-तीन महिन्यांनी तालमीची प्रत उघडली, तर त्या यादीच्या तळाशी एक नवं नाव. वय बरोबर, गाव बरोबर. आजाराच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं.

मी घाबरून फोन केला. त्यांनीच उचलला, भडंग खात होते.

“अण्णा, हे काय? तुम्ही तर चांगले आहात!”

“जागा धरून ठेवलीया,” म्हणाले. “आजार तेवढा नंतर भरा.”

तो मी भरला, गेल्या वर्षी. बातमी आली तेव्हा मी नातीला पाढे शिकवत होते. मी काही त्यांच्या भावकीतली नव्हे, सोयऱ्यातली नव्हे, मला कसलं सुतक? पण दहा दिवस देवापुढे दिवा लावायला हात गेला नाही. माझ्या सुनेनं तिसऱ्या दिवशी विचारलं, “आई, आपल्यात कुणी गेलं का?” मी म्हटलं, बघते आहे, कोण कोण थांबतंय. मग ऑफिसातल्या त्या ओढणीवाल्या मुलीचा फोन आला. तिच्याही घरी दिवा बंद होता.

पण त्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. म्हातारीसमोर हसून आल्यावर मी रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी आठला फोन आला. नंबर गणूआप्पांच्या सुनेचा होता, पण बोलत म्हातारी होती. तोंडात घास असावा, मधेमधे चावत होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली:

“डबा उघडून परड्यात ठेवला बघ, आनि कावळा आला. ठेवल्याबरुबर शिवला. गेले ते. आता माझं ऐक. आमचा ह्यो नंबर तुझ्यात हाय, त्यो मातूर पुसू नगंस. मी गेल्यावर येकदाच फोन कर, आनि गाडी येनार न्हाई म्हून सांग. न्हाईतर मीबी डबा घेऊन उभी ऱ्हाईन.”